तीन आण्यांचा हिशेब

रमजान हा उपवासाचा महिना, तसा तो हिशेबाचाही महिना आहे. आमच्या घरी सहेरी आटोपली, फजरची नमाज झाली की अब्बा लाल कापडी बांधणीची वही काढून बसत. वर्षभरात किती आले, किती उरले, सोने किती, कुणाकडे किती अडकले. त्यातून जकातीचा चाळिसावा हिस्सा वेगळा काढायचा. तो कुणाला द्यायचा याचे आठ प्रकार आमच्या धर्मात ठरवून दिलेले आहेत, आणि त्यात मन मानेल तशी भर घालता येत नाही. अल्लीपूरच्या आमच्या छोट्या घरात जकातीची रक्कम कधीच मोठी नसे. पण वही मात्र एखाद्या पेढीची असावी अशी नीट असे.

मी बारावीत असताना एका गावाला पुराचा फटका बसला होता. आम्ही पोरांनी डबा घेऊन दुकानोदुकानी फिरून मदत गोळा केली. दिवसभर उन्हात फिरलो. संध्याकाळी स्टँडजवळ चौघांनी चहा घेतला आणि पैसे डब्यातून दिले. रात्री अब्बांनी मोजदाद करायला घेतली तेव्हा मी ते सहज सांगितले. अब्बा रागावले नाहीत. त्यांनी आपल्या खिशातून तेवढे पैसे काढून डब्यात टाकले आणि मग मला एका मद्रासी ख्रिस्ती माणसाची गोष्ट सांगितली. आपल्या वर्ध्यात राहून गेलेल्या, भूकंपाच्या मदतनिधीतून गांधीजींनाही जेवू न घालणाऱ्या हिशेबनिसाची. तेव्हा मला ती रचलेली गोष्ट वाटली. पुढे प्राध्यापक झाल्यावर जे. सी. कुमारप्पांचे चरित्र वाचले आणि कळले की अब्बांनी काही रचले नव्हते.

वर्ध्याला मगनवाडीवरून आपण कितीदा जातो. मगन संग्रहालयाची पाटीही दिसते. पण त्या आवारात वर्षानुवर्षे ज्याचा जीव गुंतला होता, तो माणूस आज जिल्ह्यातल्या किती जणांना आठवतो? मागे मी वर्गात विचारले, तर एकाही विद्यार्थ्याला नाव माहीत नव्हते. म्हणून या महिन्यात त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला एका तमिळ ख्रिस्ती घरात त्यांचा जन्म झाला. नाव ठेवले जोसेफ चेल्लदुराई कॉर्नेलियस. तमिळमध्ये ‘चेल्ल’ म्हणजे लाडका. वडील सरकारी बांधकाम खात्यात होते. घरात शिस्त होती, प्रार्थना होती आणि शिक्षणाची ओढ होती. सगळीच भावंडे पुढे शिकली. त्यांतले जे. एम. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक झाले. धाकटे भरतन डॉक्टरेट मिळवून अखेर मगनवाडीतच भावाच्या मदतीला आले. जोसेफ मद्रासला शिकले आणि हिशेबतपासनिसाची विद्या घ्यायला लंडनला गेले. पहिल्या महायुद्धाची सारी वर्षे त्यांनी तिथे काढली. आईने बोलावले म्हणून १९१९ मध्ये परत आले आणि मुंबईत हिशेबतपासणीचा व्यवसाय सुरू केला. उत्तम शिवलेला सूट, हातात छडी, इंग्रजी रीतीचे जेवण. तोपर्यंत या गृहस्थाचा खेड्याशी काही संबंध नव्हता.

संबंध आला तो अमेरिकेत, आणि हे मला फार गमतीचे वाटते. पस्तिशी ओलांडल्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले. सिरॅक्यूज विद्यापीठाची व्यापारशास्त्राची पदवी घेतली आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे एका चर्चमध्ये हिंदुस्थान गरीब का, या विषयावर त्यांनी व्याख्यान दिले आणि त्याची बातमी वर्तमानपत्रात आली. ती वाचून प्राध्यापक सेलिगमन यांनी सुचवले की, याच प्रश्नाचा सरकारी जमाखर्चाच्या अंगाने अभ्यास कर. कुमारप्पांनी हिंदुस्थान सरकारचे आकडे तपासायला घेतले. ते काही देशभक्तीच्या भाषणासाठी बसले नव्हते. एखाद्या कंपनीची वही तपासावी तशी त्यांनी सरकारची वही तपासली. कर कुणाकडून घेतला, खर्च कुणावर केला. आणि हिशेब लागेना. रयतेचा पैसा फौजेवर, कर्जाच्या व्याजावर, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगारावर आणि निवृत्तिवेतनावर जात होता. ज्याच्याकडून तो घेतला, त्याच्याकडे परत फारसे काही येत नव्हते. अनेक जण तळमळीने राष्ट्रवादी झाले, हा माणूस ताळेबंद वाचून झाला.

१९२९ मध्ये ते परतले, तेव्हा कुटुंबाने कॉर्नेलियस हे नाव टाकून कुमारप्पा हे घराण्याचे जुने नाव घेतले होते. हातात प्रबंध होता. तो छापायचा तर गांधीजींना दाखवावा, असे कुणीतरी सुचवले. ९ मे १९२९ ला ते साबरमतीला गेले. भेटीची वेळ दुपारची होती. वेळेच्या थोडे आधीच ते निघाले, तर वाटेत झाडाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून एक म्हातारा सूत कातताना दिसला. चरखा असा चालताना त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. छडीवर रेलून ते पाहत उभे राहिले. काही मिनिटांनी त्या बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्याने वर पाहिले आणि आपणच कुमारप्पा का, असे विचारले. तेव्हा यांच्या लक्षात आले की समोर कोण आहे. इस्त्रीच्या रेशमी पाटलोणीची पर्वा न करता ते तिथेच जमिनीवर बसले. कुणीतरी धावत खुर्ची आणली, ती त्यांनी घेतली नाही. गांधीजींनी प्रबंध आपल्या ‘यंग इंडिया’त क्रमाने छापायचे कबूल केले आणि जाता जाता गुजरातेतल्या खेड्यांची आर्थिक पाहणी करायचे कामही गळ्यात घातले. कुमारप्पांना गुजराती येत नव्हती. पण तिथल्या विद्यापीठाचे विद्यार्थी सोबत घेऊन त्यांनी खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्यातली ५४ गावे घरोघर फिरून तपासली. सूट गेला, खादी आली.

दांडीच्या मिठानंतर गांधीजींना पकडले तेव्हा ‘यंग इंडिया’ची जबाबदारी यांच्यावर आली, आणि त्यातल्या लिखाणापायी यांनाही तुरुंग घडला. तो भाग सगळ्यांच्याच चरित्रात असतो, म्हणून मी पुढे जातो. त्यापेक्षा एक वेगळी गोष्ट सांगण्यासारखी आहे. पोलिसांच्या लाठ्या निःशस्त्र माणसांवर पडत असताना हिंदुस्थानातले चर्च गप्प का, असा जाब त्यांनी आपल्याच धर्माच्या सर्वोच्च धर्मगुरूला पत्र लिहून विचारला. परक्याच्या धर्मातल्या चुका दाखवायला फारसे धैर्य लागत नाही.

आता अब्बांच्या गोष्टीकडे येतो. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. राजेंद्रबाबूंच्या पुढाकाराने मदत समिती उभी राहिली आणि देशभरातून पैसा आला. एवढा पैसा, एवढे कार्यकर्ते, जागोजागी केंद्रे. पैसा सांभाळायला जाणता माणूस हवा होता, म्हणून कुमारप्पांना बोलावले. त्यांनी पहिल्यांदा कार्यकर्त्यांच्या जेवणाचा खर्च बांधून दिला. माणशी दिवसाला तीन आणे. मोठा कार्यकर्ता असो की धाकटा, तीन आण्यांच्या वर एक पैसा नाही.

अशात गांधीजी पाटण्याला यायचे ठरले. त्यांच्याबरोबर चिटणीस, सेवक, पाहुणे असा मेळा असे. त्यांचे शेळीचे दूध, फळे, मोटारीचे पेट्रोल, या सगळ्याला तीन आणे कुठे पुरणार? कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना स्पष्ट सांगितले की या मंडळींचा खर्च मदतनिधीतून होणार नाही, तुमची व्यवस्था तुम्ही पाहा. महादेवभाईंना ते जिव्हारी लागले असणार. गोष्ट गांधीजींपर्यंत गेली. त्यांनी कुमारप्पांना बोलावून खरे काय ते विचारले. यांनी सांगितले की लोकांनी हा पैसा ज्यांची घरे पडली त्यांच्यासाठी दिला आहे, आणि माझ्याकडे तो विश्वासाने ठेवायला दिला आहे. गांधीजींनी ऐकून घेतले आणि हिशेबनीस बरोबर आहे असा निकाल दिला. त्यांच्या मंडळींचा खर्च वेगळा झाला.

उर्दूत ‘अमानत’ हा शब्द आहे. मराठीतही तो रुळला आहे, पण बँकेच्या ठेवीपुरता. मूळ अर्थ मोठा आहे. जे आपल्या हातात आहे पण आपले नाही, ते अमानत. आमच्याकडे खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ यांची एक गोष्ट रमजानच्या बयानात हमखास ऐकायला मिळते. रात्री ते राज्याचे काम करत बसले असताना कुणी घरगुती बोलणे काढले की ते समोरचा दिवा विझवत आणि आपला खासगी दिवा लावत, कारण पहिल्या दिव्यातले तेल रयतेच्या पैशाचे. ऐकताना आपण माना डोलावतो. तेराशे वर्षांपूर्वीचे संत माणूस, ते तसे असणारच, असे म्हणून मोकळे होतो. कुमारप्पांच्या बाबतीत ती सोय नाही. ते आपल्या आजोबांच्या काळातले आणि आपल्या जिल्ह्यातले आहेत.

१९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू आणि चिटणीस कुमारप्पा. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग आणि घर संघाला दिले. त्याला गांधीजींचे दिवंगत पुतणे मगनलाल यांच्या नावावरून मगनवाडी म्हणू लागले. सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जायच्या आधी गांधीजी स्वतः इथेच राहत. एक आठवण आजच्या शेतकऱ्यांना आवडेल. १९३५ मध्ये मगनवाडीच्या स्वयंपाकघरात गांधीजींनी सोयाबीनचे प्रयोग केले होते, सगळ्यांच्या ताटात सोयाबीन! आज आमच्या अल्लीपूरच्या शिवारात कापसाच्या जोडीला जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन आहे, पण ते ताटात येत नाही, ट्रकमध्ये जाते.

नेमक्या याच फरकावर कुमारप्पांचे सगळे अर्थशास्त्र उभे आहे. तेलघाणीचे पाहा. गावात तीळ, जवस, करडी पिकते. गावचा तेली घाणीवर ती गाळतो. ताजे तेल घरात राहते, ढेप बैलांना आणि गाईंना मिळते, जनावरांचे शेण शेतात जाते, तेल्याचे घर चालते. आता तेच बी गिरणीला विकले, तर तेलही गेले, ढेपही गेली, तेल्याचा धंदाही गेला. शेतकऱ्याच्या हातात नोटा आल्या, आणि त्याच नोटा घेऊन तो शिळे तेल विकत आणायला दुकानात गेला. कुमारप्पा हे पुस्तकात लिहून थांबले नाहीत. मगनवाडीत सुधारलेली घाणी तयार झाली, तिच्यावर प्रयोग झाले, खेड्यांतून लोक येऊन शिकून गेले. रॉकेलचा पैसा परदेशी कंपन्यांना जातो म्हणून घाणीच्या तेलावर जळणारा कंदील तिथे बनवला, त्याचे नाव मगनदीप. हातकागद, हातसडीचा तांदूळ, मधमाश्या, साबण, मातीची भांडी, सुधारलेले जाते. एकेका वस्तूमागे प्रयोग आणि प्रत्येक प्रयोगाची वही.

गुळाचे तर मला रमजानमुळे विशेष वाटते. रोजा खजुराने सोडायचा रिवाज आहे, तो खजूर अरबस्तानातून, इराणमधून येतो. पण त्याच खजुराची एक गावठी बहीण आपल्याकडे नाल्याकाठी आणि धुऱ्यावर उभी असते, ती शिंदी. तिचे नाव काढले की लोकांना फक्त दारू आठवते. सकाळच्या ताज्या नीरेत नशा नसते, ती आंबल्यावर येते. ताजी नीरा आटवली तर चांगला गूळ होतो, हे कुमारप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना करून दाखवले. त्यांचा मुद्दा असा होता की उसाला चांगली जमीन आणि पाणी लागते, म्हणजे साखरेसाठी धान्याची जमीन अडते. शिंदी आणि ताड मात्र कुणी न विचारणाऱ्या जमिनीवर आपोआप उभे असतात. जे झाड माणसाला दारूच्या नादाला लावते, तेच झाड त्याच्या पोराला गूळ देऊ शकते. फरक फक्त वेळेवर आटवण्याचा!

मध्यप्रांत आणि वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले तेव्हा सरकारने उद्योगांच्या पाहणीसाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने ६०६ गावांची पाहणी केली. वऱ्हाडी शेतकरी, कोष्टी, चांभार, तेली, पिंजारी हे या मद्रासी माणसाला अशा रीतीने कागदावरच्या आकड्यांतून आणि प्रत्यक्ष ओसरीवरून ठाऊक झाले. माझे आजोबा पिंजारी होते. गादीचा कापूस पिंजताना त्यांच्या धनुकलीचा होणारा आवाज मी लहानपणी ऐकला आहे. एखाद्या सरकारी अहवालात आपल्या आजोबांच्या धंद्याची कुणीतरी आस्थेने विचारपूस केली होती, हे वाचताना माणूस थोडा हलतो.

३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. राजेमहाराजांच्या तलवारी आणि नाणी ठेवणारी संग्रहालये देशात पुष्कळ होती. चरखा, घाणी, जाते, चूल ज्यात मानाने मांडली, असे हे दुसरे कुठले होते मला माहीत नाही.

एवढे वाचून कुणाला वाटेल की हा माणूस रुक्ष, आकडेमोड्या असणार. तसे नव्हते. ते तापट होते, हे सगळेच सांगतात. रक्तदाबाचा विकार होता, तो रागाने वाढे, आणि गांधीजी त्यांना विश्रांतीसाठी सारखे टोकत. पण त्यांचा राग ओसरायला वेळ लागत नसे, आणि विनोद तर रागाच्या मध्येच येई. लग्न केले नाही. आश्रमातली पोरे, कामगार, शिकायला आलेले खेडूत हाच संसार. मला त्यांच्या रागाचे एक वैशिष्ट्य जाणवते. तो नेहमी वरच्या माणसावर निघे, मंत्री, बिशप, साहेब. दुबळ्या माणसावर निघाल्याची गोष्ट माझ्या वाचनात नाही. गांधीजींच्या आसपास हो ला हो म्हणणारे थोडे नव्हते. हे त्यांतले नव्हते. न पटले तर गांधीजींनाही तोंडावर सांगत, आणि गांधीजींनी कदाचित त्यासाठीच त्यांच्यावर एवढा जीव लावला.

१९४२ च्या आंदोलनानंतर ते पुन्हा तुरुंगात गेले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या शिकवणीवर, दुसरे ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’, म्हणजे टिकाऊपणाचे, चिरस्थायी अर्थशास्त्र. एकाच कोठडीत, एकाच माणसाने धर्माचे आणि अर्थाचे अशी दोन पुस्तके लिहावीत यात त्यांचे सगळे जीवन आले. दोन्हींना गांधीजींनी प्रस्तावना लिहिली, आणि कौतुकाने त्यांना दोन पदव्या बहाल केल्या, एक धर्मशास्त्राच्या डॉक्टरची आणि दुसरी ग्रामोद्योगाच्या डॉक्टरची. असल्या पदव्या कुठल्याच विद्यापीठाच्या यादीत सापडणार नाहीत.

दुसऱ्या पुस्तकातली मांडणी मी दरवर्षी वर्गात सांगतो, कारण ती दहावीच्या पोरालाही कळते. निसर्गात पोट भरण्याच्या पाच रीती त्यांनी पाहिल्या. वाघ दुसऱ्याचा जीव घेऊन जगतो. माकड आंब्याच्या बागेत शिरते, खाते, पण झाडाला काही देत नाही. पक्षी आपले घरटे आपण बांधतो, घेतो तेवढे राबतो. मधमाशी आपल्या एकटीसाठी नाही, साऱ्या पोळ्यासाठी मध गोळा करते, आणि घेता घेता फुलांचेही काम करते. आणि शेवटी चिमणी, जी परतफेडीची आशा न ठेवता पिल्लांच्या चोचीत दाणा भरते. माणूसही या पाचांपैकी कुठल्या तरी रीतीने जगतो, आणि देशही. वर्गातली मुले आपापल्या गावातल्या लोकांना या पाच खणांत लगेच बसवू लागतात. मग हशा होतो आणि माझा तास बिघडतो! कुराणातल्या एका सूऱ्याचे नावच मधमाशी आहे, हे मी त्या तासाला सांगतो, तेव्हा मुस्लिम मुलांइतकीच बाकीची मुलेही कान टवकारतात.

स्वातंत्र्य आले आणि त्यांची अडचण सुरू झाली. आपलेच लोक सत्तेवर होते आणि वाट वेगळी धरत होते. मोठे कारखाने, मोठी धरणे, परदेशी कर्ज. काँग्रेसने जमीनसुधारणेसाठी समिती नेमून त्यांना अध्यक्ष केले. समितीचा अहवाल १९४९ मध्ये आला. जमीन कसणाऱ्याची असावी आणि मध्ये कुणी दलाल नसावा, हा त्याचा गाभा. अहवालाचा गौरव झाला, अंमलबजावणी थोडीच झाली. त्या काळातली दिल्लीची एक गोष्ट सांगतात. बैठकीला हे टांग्यातून निघाले, तर त्या रस्त्यावर अशा गाड्यांना बंदी म्हणून शिपायाने अडवले. यांनी ते प्रकरण थेट पंतप्रधानांपर्यंत नेले. लष्करी ट्रकांच्या वर्दळीत गाड्यांना धोका होतो, म्हणून बंदी आहे, असे उत्तर मिळाले. तेव्हा यांनी विचारले की धोका ज्याच्यामुळे होतो तो ट्रक बंद करायचा, की ज्याला होतो त्या गाडीवानाला? नेहरू आणि ते एकमेकांना ओळखत होते, एकमेकांचा मान ठेवत होते. पण त्या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले असेल असे वाटत नाही. माझ्या मते कुमारप्पा प्रत्येक मुद्द्यावर बरोबर होते असेही नाही. यंत्राबद्दलचा त्यांचा संशय कधीकधी गरजेपेक्षा जास्त वाटतो. माझ्या आईने जाते ओढले आहे, आणि गावात पिठाची गिरणी आली तेव्हा तिला झालेला आनंद मी कसा विसरू? पण गाडीवानाचा प्रश्न मात्र अजून तसाच उभा आहे.

मगनवाडी सोडल्यावर ते आपल्याच जिल्ह्यात सेलडोहला गेले. तिथे शेतीच्या प्रयोगासाठी त्यांनी आश्रम काढला आणि नाव दिले ‘पन्नै आश्रम’. पन्नै म्हणजे तमिळमध्ये शेत. वर्ध्याच्या मातीतल्या शेताला तंजावरचे नाव! ज्या गावाला जेवढे अन्न, वस्त्र लागते, त्याप्रमाणे गावाच्या जमिनीत पिकांची वाटणी कशी करावी, हा त्यांचा ध्यास होता. आधी गावाचे पोट, मग बाजार. पण प्रकृती साथ देईना. अखेर ते आपल्या मुलखात परतले आणि मदुराईजवळच्या कल्लुपट्टीला गांधी निकेतन आश्रमात एका साध्या घरात राहू लागले.

तिथे भिंतीवर दोन चित्रे होती. एक गांधीजींचे आणि दुसरे एका गरीब शेतकऱ्याचे. भेटायला आलेल्यांना ते पहिले दाखवून हा माझा मालक असे सांगत, आणि दुसरे दाखवून हा माझ्या मालकाचा मालक.

३० जानेवारी १९६० रोजी मद्रासला त्यांचे निधन झाले. गांधीजी गेले तीच तारीख, बरोबर बारा वर्षांनी. वय ६८. पुढे १९७३ मध्ये शुमाकर या अर्थतज्ज्ञाचे ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ इंग्लंडमध्ये निघाले आणि जगभर गाजले, त्यात कुमारप्पांचा आधार घेतलेला आहे. पर्यावरणाची काळजी करणारे परदेशी अभ्यासक आज त्यांची पुस्तके शोधतात. आपल्याला शोधायला वर्ध्याची बस पुरते.

परवा आमच्या मोहल्ल्यात इफ्तारच्या तयारीची बैठक होती. गावातले सगळ्या समाजांचे लोक या इफ्तारला येतात, सरपंचांपासून शाळेच्या गुरुजींपर्यंत, आणि ती आमच्या अल्लीपूरची जुनी रीत आहे. यंदा मंडप मोठा हवा, एक पदार्थ वाढवावा, असे पोरांचे म्हणणे होते. पैसे कमी पडत होते. एकाने सुचवले की जकातीची जी रक्कम गोळा झाली आहे, त्यातून तूर्त थोडी घेऊ, ईदच्या आत भरून टाकू. पोरगा चांगला आहे, नियत वाईट नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर स्टँडजवळचा चहा आला.

मी त्यांना अब्बांची गोष्ट सांगितली, भूकंप, तीन आणे आणि शेळीचे दूध. पोरे हसली. मग थोडा वेळ कुणी काही बोलले नाही. शेवटी मंडप गेल्या वर्षीएवढाच ठरला, पदार्थही तेवढेच, आणि ज्याने सुचवले होते त्यानेच जकातीचा डबा उचलून माझ्याकडे दिला. बैठकीत सगळ्यांसाठी तरावीहनंतरचा चहा आला होता. त्याचे पैसे कुणी द्यायचे यावर मात्र रात्री उशिरापर्यंत वाद चालला.